टाकी आधी घासून घ्या, ओझोनचं मग बघू

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, गोरेगाव (पूर्व), मुंबई

विषय : लिफ्ट, लॉबी आणि पाण्याच्या टाकीत ओझोन यंत्रं बसवण्याचा प्रस्ताव

महोदय,

रविवारी क्लबहाउसमध्ये ओझोन यंत्राचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. पाचेक मिनिटांत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास सुटला. विक्रेता म्हणाला, हाच शुद्ध हवेचा वास. ए विंगच्या काकूंना दमा आहे, त्या खोकत बाहेर गेल्या आणि त्यांना पाणी द्यायला मीही उठलो. तिथे बोलायचं राहिलं ते लिहून देतो.

माझी एकवीस वर्षं बाटलीबंद पाण्याच्या प्लँटवर गेली. ओझोन थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनच्या दोन अणूंना तिसरा चिकटला की ओझोन होतो, आणि हा तिसरा फार वेळ टिकत नाही. सुटतो आणि समोर येईल त्याला धरतो. जिवाणूचं आवरण असंच फाटतं. क्लोरीनला न जुमानणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीलाही तो लोळवतो. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरात आला.

पण त्याला आपलं-परकं कळत नाही. जिवाणूचं आवरण काय नि आपल्या फुप्फुसाचं अस्तर काय, त्याला सारखंच. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग आहे. त्याच्या आत राहिलं तर हवेतले जंतू फारसे मरत नाहीत, आणि मरतील इतका सोडला तर माणसाने तिथे थांबायचं नाही. आमच्या ओझोनच्या खोलीत डिटेक्टर होता. तो वाजला की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं. साधी रबरी वायसरसुद्धा तिथे टिकत नसे, भेगा पडून हातात तुकडे यायचे. ती वस्तू आपण लिफ्टच्या बंद डब्यात लावणार, जिथे सकाळी सातला शाळेची सहा-सात पोरं एकदम शिरतात?

आता टाकी. ओझोन पाण्यात मिसळला की, आपल्याकडच्या कोमट पाण्यात तर, अर्ध्या तासात निम्माही उरत नाही. टाकीपासून सातव्या मजल्याच्या नळापर्यंत राखण करायला काहीतरी मागे राहावं लागतं. ते काम क्लोरीन करतो आणि भांडुपहून येणाऱ्या पाण्यात पालिका तो घालूनच पाठवते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा असं आहे. प्लँटवर ओझोन चालायचा, कारण पाणी आधीच गाळून स्वच्छ झालेलं असे आणि बाटली लगेच सीलबंद होई. गाळ असला तर ओझोन त्या गाळावरच खर्च होतो.

आणि गाळ आहे. मंगळवारी वॉचमनला घेऊन खालच्या टाकीचं झाकण उघडलं. काठी तळाला टेकवली तर टोकाला दोन बोटं काळा चिखल. झाकण पार्किंगच्या फरशीला समतल आहे, कडेला गॅसकेट नाही, म्हणजे गाड्या धुतलेलं पाणी थेट आत. गच्चीवरच्या टाकीच्या व्हेंट पाइपची जाळी फाटली आहे आणि आत कबुतराची पिसं तरंगत होती. (गच्चीवर दाणे टाकू नका अशी नोटीस आपणच लावली आहे, तिच्याखालीच ज्वारी सांडलेली होती. असो.)

तेव्हा विनंती अशी की लिफ्ट आणि लॉबीच्या यंत्रांचा विषय सभेपुढे नेऊ नये. यंत्राला ठेवलेल्या पैशांतून दोन्ही टाक्या उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन घ्याव्यात. खालच्या झाकणाला वीतभर उंच कठडा बांधावा, जाळी बदलावी. पाऊस तोंडावर आहे, म्हणून कठडा आधी.

साफसफाईनंतर सातव्या मजल्याच्या नळाला क्लोरीन किती येतो ते मी दर सोमवारी मोजून नोटीस बोर्डावर लिहीन. किट माझ्याकडे आहे.

आपला,
बी विंग, सातवा मजला