पहिल्या वर्षी एकच चोक लावा आणि त्याला हात लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळचा कुडाळचा, गेली चौदा वर्षं टेक्सासात सॅन अँटोनियोला असतो, तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मारलं तेव्हापासून नेमबाजीवर तुम्ही छान छापताय, पण सगळं रायफल आणि पिस्तुलाचं. छऱ्याच्या बंदुकीचं, म्हणजे शॉटगनचं, फार कमी येतं. त्याच ऑलिम्पिकमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका स्कीटच्या (हवेत सोडलेल्या चकत्या छऱ्यांनी फोडायचा खेळ) मिश्र प्रकारात चीनकडून ४३-४४ असे एका चकतीने हरले आणि ब्राँझ गेलं, आणि २००४ ला अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी रौप्य मिळवलं तेही डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम दोन चकत्या सोडतात त्या प्रकारात, बारा बोअरच्या (हे नळीचं माप) शॉटगननेच.

हे पत्र लिहायचं कारण म्हणजे स्पोर्टिंग क्लेज. ऑलिम्पिकमध्ये नसलेला पण इकडे बऱ्याच जणांना माहीत असलेला हा खेळ, मूळचा इंग्लंडचा. रानातून वाट काढत दहा-पंधरा स्टेशनं फिरायची, प्रत्येक ठिकाणी चकत्या वेगळ्या येतात, एखादी सशासारखी जमिनीवरून उड्या मारत, एखादी डोक्यावरून, एखादी लांब आडवी. याची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना आमच्या सॅन अँटोनियोतच आहे. ऑफिसच्या पिकनिकमुळे किंवा देणगीसाठीच्या स्पर्धांमुळे आपली बरीच मराठी मुलंमुली याच्यात येतात, एकदा चकती फुटली की वेड लागतं, आणि मग आठ दिवसांत मला फोन येतो, काका चोक कुठला घेऊ?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी थोडीशी आवळलेली जागा. आमच्याकडे खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतात ना, तसं समजा. पाग हातातून सुटल्यावर लगेच उघडलं तर जवळचा मासा मिळतो, उशिरा उघडलं तर लांबचा, आणि लांबच्यासाठी टाकलेलं पाग जवळ पडलं तर ते उघडायच्या आतच पाण्यात जातं. चोक हे उघडणं लवकर व्हावं की उशिरा एवढंच ठरवतो. हल्ली तो पेचाने बसवायचा नळीचा तुकडाच मिळतो, बदलता येतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्या आजोबांकडे जी दोन नळ्यांची बंदूक होती (निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करावी लागायची ती), तिच्यात तो कायमचा होता, उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट, आणि आजोबांना चोक हा शब्दही माहीत नव्हता पण कुठल्या अंतराला कुठला घोडा ओढायचा हे पक्कं माहीत होतं.

इंग्लंडात चोकला पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण म्हणतात, म्हणजे आपली पावकी-निमकीच झाली. अमेरिकेत पाव चोकला इम्प्रूव्हड सिलिंडर म्हणतात, अर्ध्याला मॉडिफाइड. बारा बोअरच्या नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर, आणि पाव चोक ते आवळतो किती, तर पाव मिलिमीटर. दोन-अडीच कागदांची जाडी! पूर्ण चोक जवळपास एक मिलिमीटर. एवढ्याशा फरकावर माणसं तासन्तास वाद घालतात.

माझं उत्तर एकच असतं. पहिलं वर्षभर पाव चोक, म्हणजे इम्प्रूव्हड सिलिंडर, लावा. दोन नळ्यांची असेल तर दोन्हीत तोच. आणि त्याला हात लावू नका.

का ते सांगतो, कारण नुसतं सांगितलं तर कोणी ऐकत नाही. नवशिक्याला ज्या चकत्या फुटण्यासारख्या असतात त्या बहुतेक १५ ते ३० यार्डांवर असतात. २० यार्डांवर पूर्ण चोकचा छर्रा साधारण १६ इंच पसरतो, पाव चोकचा २६ इंच, म्हणजे क्षेत्रफळ अडीच पटीपेक्षा जास्त. एवढी मोठी सूट हातात असताना घट्ट चोक का लावायचा? पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ३० यार्डांवर आडवी जाणारी चकती ताशी ४० मैलांनी जात असेल तर छर्रे तिथे पोचायला सेकंदाचा जवळपास दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात चकती पाच-सहा फूट पुढे गेलेली असते. थेट चकतीवर नेम धरून मारलंत तर तुम्ही पाच फूट मागे. आणि पूर्ण चोक काढून पाव लावल्याने मध्यापासून कडेपर्यंत तुम्हाला जास्तीचे मिळतात किती, तर पाच इंच. चूक फुटांची, चोकने मिळणार इंच. म्हणून चकती सुटली की चोककडे बघू नका, तुम्ही मागे मारलंत का, गालावरून बंदुकीचा लाकडी दस्ता सुटला का, बंदूक मध्येच थांबली का ते बघा.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. एका दुकानात मला पाच चोकचा सेट दिला, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची पट्टी, छान डबी, त्या पैशात ७०० च्या आसपास काडतुसं आली असती. मग मी प्रत्येक स्टेशनला डबी उघडायचो, आधीची चकती बघून पाना फिरवायचो, बाकीचे ताटकळत उभे, आणि शंभर चकत्यांत फुटायच्या ३१. असं तीन महिने चाललं. एका म्हाताऱ्या शिकवणाऱ्याने शेवटी डबी माझ्याकडून घेतली, स्वतःच्या ट्रकमध्ये ठेवली आणि म्हणाला संध्याकाळी घेऊन जा. त्या दिवशी मी पहिल्यांदा चकतीकडे नीट बघितलं. तिची पुढची कड बघायची, नळी नाही. त्याने मला चकती कशी फुटते तेही बघायला शिकवलं, धूर झाला तर मध्यावर बसलीय, मागचा तुकडाच उडाला तर तुम्ही मागे आहात, नुसती कपची निघाली तर कडेचे दोन-चार छर्रे लागलेत. त्या हंगामाच्या शेवटी माझे ५८ झाले, त्याच एका चोकने.

गोंधळ का होतो तेही लक्षात घ्या. ट्रॅप खेळणारा घट्ट चोक सांगेल आणि त्याचं बरोबरच आहे, त्याची चकती त्याच्यापासून लांब पळत असते. स्कीटवाला एकदम मोकळा सांगेल, त्याचंही बरोबर, त्याच्या चकत्या जवळून जातात. दोघांचं ऐकून स्पोर्टिंगचा नवशिक्या दोन्ही विकत घेतो.

एक काम मात्र जरूर करा. चार फूट लांब-रुंद पांढरा कागद ४० यार्डांवर लावा, एक गोळी मारा, जिथे दाट बसलंय तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि भोकं पेन्सिलने खुणा करत मोजा. एक औंस ८ नंबरच्या छऱ्यात चारशेच्या थोडे वर दाणे असतात, पाव चोकमध्ये त्यातले निम्मे वर्तुळात यायला पाहिजेत. माझ्या कागदावर २१७ निघाले, आणि सगळा पुंजका खाली डावीकडे, म्हणजे बंदूक माझ्या खांद्याला बसतच नव्हती. ते कुठल्याच चोकने सुटलं नसतं. लोखंडी छर्रे वापरत असाल तर ते त्याच चोकमध्ये जास्त घट्ट जातात, तेव्हा आणखी मोकळा चोक लावा, पूर्ण चोकमधून ते मारूच नका.

आणि हात जोडून सांगतो, चोकला हात लावायच्या आधी बंदूक उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. दोन-चार स्टेशनांनी चोक सैल झालाय का बघा, सैल राहिला तर नळीच फुगू शकते. पेचाची नळी असेल तर चोकशिवाय कधीच उडवू नका, पेच खराब होतात. कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच.

पुढच्या वर्षी, जेव्हा ३५-४० यार्डांवरच्या चकत्या नेहमी फुटायला लागतील, तेव्हा दुसऱ्या नळीला एक पायरी घट्ट चोक लावा, तेव्हा त्याचा उपयोग कळेल.

पुढच्या महिन्यात माझी पुण्याची भाची पहिल्यांदा खेळायला येतेय, मेसेजवर चोकचे फोटो पाठवून झालेत तिचे. बंदुकीत दोन्हीकडे पाव चोक बसवून ठेवलेत, तिच्यासाठी शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचंच नाही असं ठरवलंय, पहिल्या तीन सोप्या स्टेशनांवरच दिवस काढायचा. पाना घरी ठेवणार आहे.

आपला नियमित वाचक,
सॅन अँटोनियो, टेक्सास