'१८' खोडून '२५' केलं, पण...

संपादक यांस,

माझे वडील, आमचे अण्णा, हिशेबाला पक्के. २०१२ साली त्यांनी रीतसर मृत्युपत्र करून ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं. त्यात माझ्या भाचीसाठी चार लाखांची ठेव होती, '१८ वर्षे पूर्ण होताच' तिला द्यावी अशी. पुढे भावाची कर्जं वाढत गेली आणि अण्णांना धास्ती वाटू लागली. त्यांनी मूळ प्रतीवर पट्टी लावून '१८' खोडलं, वर '२५' लिहिलं, शेजारी सही केली आणि निर्धास्त झाले.

२०१९ मध्ये ते गेले. वकिलांनी कागद पाहताच सांगितलं, ही दुरुस्ती धरली जाणार नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ७१ प्रमाणे मृत्युपत्र पुरं झाल्यावर केलेल्या खाडाखोडीलाही करणाऱ्याच्या सहीबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. अण्णांची सही एकटीच होती. भाची अठरा वर्षांची झाली, ठेव मोडली गेली आणि दोन महिन्यांत पैसे भावाच्या देण्यात गेले. भाऊ वाईट नाही, त्याचं दुकान बुडालं होतं. "आत्या, बाबांना नाही कसं म्हणू?" असं ती मला म्हणाली. त्या वयात कोणती मुलगी म्हणेल? तिचं फार्मसीचं शिक्षण राहिलं ते राहिलंच.

मृत्युपत्र नोंदवलेलं असलं, तरी माणूस शुद्धीत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. लहान बदलाला पुरवणी मृत्युपत्र पुरतं. मोठा बदल असेल तर नवंच करावं आणि 'आधीची सर्व रद्द' असं त्यात लिहावं. दोन्हींना दोन साक्षीदार हवेतच. मी गेल्या वर्षी माझं बदललं, तेव्हा नुसतं '२५' घालून थांबले नाही. तोवर रक्कम कोणी सांभाळायची, फीसाठी त्यातून किती काढायचे, भाचीचं आधीच काही बरंवाईट झालं तर पुढे कोणाला, सगळं लिहिलं आणि विश्वस्त नेमला. कारण पैसे पूर्णपणे तिचे करून टाकायचे आणि वर 'फक्त शिक्षणासाठी वापरावेत' एवढंच म्हणायचं, तर कलम १३८ प्रमाणे ती सूचना तिच्यावर बंधनकारक राहत नाही.

नोंदणीच्या दिवशी अण्णांच्या हाती पावती पडली. पुढे बदल करायचा झाला तर काय करावं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. नोंदणी कार्यालयांनी त्या पावतीबरोबर मराठीत चार ओळींचा कागद द्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)