आईच्या मानेबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई "काही नाही गं" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, हे तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. तिला मान खाली घालून मोबाईलमध्ये बघायला लावू नका.

आधी ठरलंय ते सांगते. उद्या अकरा वाजता पोवई नाक्याजवळच्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. शेजारच्या काकांचा मुलगा गाडीनं नेईल, रिक्षा नको. शनिवारी मी येते आणि डॉक्टर हो म्हणाले तर दोघांनाही थोडे दिवस पुण्याला घेऊन जाते. न विचारता ठरवलं म्हणून बाबा रागावतील. पण दादाशी बोलूनच ठरवलंय, आणि विचारत बसलो की काय होतं ते आत्याच्या गुडघ्याच्या वेळी आपण सगळ्यांनी बघितलंय.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी हाक मारली, तेव्हा आई, तू मान वळवली नाहीस. खांद्यांसकट अख्खी वळलीस आणि हात मानेवर गेला. झोपेत अवघडलेली मान अशी नसते. वाढे फाट्यावर टेम्पोनं मागून ठोकलं रविवारी, आणि मान धरली सोमवारी दुपारी, म्हणून तुला दोन्हीचा संबंध वाटत नाही. पण ही दुखापत अशीच उशिरा बोलायला लागते, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात.

बाबा म्हणतात, बंपरला साधा पोचाही नाही. खरंय, पण त्यावरून मानेचं काही कळत नाही. मागून धक्का बसला की धड सीटबरोबर पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि लगेच पुढे फेकलं जातं. तेवढ्यात मानेचे स्नायू आणि आतले बंध ताणले जातात. गाडी सावकाश असली तरी. त्यात आईच्या सीटचा हेडरेस्ट कायम खाली दाबलेला, का तर मागे बसलेल्या नातवाला पुढचं दिसावं. त्याचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच हवा. गाडी गॅरेजमधून आली की तो आधी वर करा.

आई, डॉक्टरांना सगळं तू स्वतः सांगायचंस. मानेच्या मागून सुरू होऊन कपाळापर्यंत येणारी डोकेदुखी, खांद्यातली कळ, उठताना गरगरणं, मोडलेली झोप. कणीक मळताना हात जड वाटतो म्हणालीस, ते तर आधी सांग. मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना, तेही. शीर दबलीय का ते त्यावरून बघतात. "वयामुळे असेल" एवढं मात्र म्हणू नकोस. पासष्टीनंतर अपघातात मान दुखली तर सहसा फोटो काढतात, तेव्हा खर्चाचा विचार नको. एक्स-रे चांगला आला तर हाड शाबूत आहे एवढंच कळतं. स्नायूंचा ताण त्यात दिसत नाही, त्यामुळे दुखणं खोटं ठरत नाही.

बाबा, तुम्हीही त्याच गाडीत होतात. तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून डोकं जरासं जरी कुठे आपटलं असेल तर उद्या सांगाच. परवा तुम्ही आईवर चिडलात आणि किल्लीचं दोनदा विचारलंत. तुमचा हा स्वभाव नाही. अशा धक्क्यानंतर चिडचिड होते, लक्ष लागत नाही. तसं काही असेल तर तेही दुखणंच, तुमचं काही चुकत नाहीये.

मला गालगुंड झाली होती तेव्हा आई, रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. पाय बधिर झाले तरी हलली नाहीस. आता जरा माझं ऐक ना गं.

मान मोडून मोकळी करून देणाऱ्याकडे जायचं नाही, बाबांच्या कितीही ओळखीचा असला तरी. तेलानं रगडायचं नाही, जोर लावून वळवून बघायचं नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पट्टा मनानं आणू नका. हाड ठीक असलं तर पट्टा घालून पडून राहण्यापेक्षा सोसेल तेवढी मान हलती ठेवा असंच हल्ली सांगतात. बहुतेक लोक दोन-तीन महिन्यांत बरे होतात. पण उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हातापायातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही दोघांपैकी कुणालाही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आधी १०८ ला फोन, मग मला.

पुण्यात पुढची खोली तुमच्यासाठी लावलीय. सकाळचं ऊन येतं, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीय, आईला आवडते तशी पातळ उशी आणलीय. तुळशीला पाणी काकू घालणार आहेत आणि बाबांचे 'ऐक्य'चे अंक काका जपून ठेवणार आहेत. चहा तुमच्याच वेळेला मिळेल. जावयांना अडचण होईल हे डोक्यातून काढा, दांडी त्यांनीच बसवून घेतली.

आईची जुनी फाईल आणि दोघांच्या गोळ्यांची पाकिटं आत्ताच एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. शनिवारी जेवण मी घेऊन येते. आई, ओट्याशी उभी दिसू नकोस.

तुमची,
मनू