मृगाच्या दिवशी मनूला

कोल्हापूर, ७ जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

नेपाळला पोचल्याचा मेसेज आईला आला. मला आला नाही, त्याचं कारण मला ठाऊक आहे. सीबीएस स्टँडवर गाडी सुटताना मी बोलून गेलो, "कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं दोन राज्यांना जमंना आणि तू तीन देशांच्या नद्यांचं जमवायला निघालीस." पुढच्या सीटवरच्या बाई हसल्या, तू कानात वायरी घातल्यास. घरी येईपर्यंत तुझी आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

चटणी विमानतळावर सोडली का? अक्कानं यंदा तिखट जास्त घातलंय, बेतानं खा.

तू जायच्या आदल्या दिवशी ताटात आमटीनं कोशी नदी काढून दाखवलीस. भाताचा ढीग हिमालय, आमटी खाली बिहारात, ताटाची कड म्हणजे बांगलादेश. मी हसलो, पण माझ्या डोक्यातनं ते ताट जाईना. तेव्हापासून रोज वाचतोय. १९५४ चा भारत-नेपाळ करार, ५६ दरवाजे, बराज म्हणजे दरवाज्यांचा बंधारा उभा नेपाळात आणि चालवणार बिहार सरकार. तीस-बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. आमच्याकडं एका गावच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, दुसऱ्या गावानं काढले तर कोयते निघतात.

आणि २००८ चं वाचलं. १८ ऑगस्टला कुसहाला बांध फुटला तेव्हा कोशीला मोठा पूर नव्हताच. बांध साडेनऊ लाख क्युसेकच्या हिशेबानं बांधलेला आणि पाणी त्याच्या पाव हिश्शाइतकंही नव्हतं. बांध नेपाळच्या जमिनीत, देखभाल बिहारची. फुटल्यावर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत बसले आणि नदी सुपौल-मधेपुऱ्याच्या घरांतनं गेली. तू जिथं काम करणार ती नदी असली आहे. म्हणून एकदाच सांगतो, परत सांगणार नाही. पाणी चढत असताना पातळी मोजायची पट्टी बघायला स्वतः जाऊ नकोस.

माझं सीबीएसवरचं बोलणं खरंही नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ५५ फूट ७ इंच पाणी होतं. धोका ४३ ला, म्हणजे बघ. शिरोलीला हायवे बुडालेला, वरच्या ऑफिसातनं वरच्या ऑफिसात पत्रं चाललेली. मला खालचा विसर्ग कळायचा तो कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याकडच्या एका माणसाकडनं. त्याला मी कधी बघितलेलं नाही. डायरीत नंबर 'हल्लो सर' म्हणून लिहिलाय, कारण तो फोन उचलला की तेवढंच म्हणायचा. त्याला मराठी यायचं नाही, मला कन्नड. तो आलमट्टीतनं किती सोडलं ते इंग्रजीत सांगायचा, मी आपली पातळी सांगायचो. एकदा पहाटे चारला त्याचाच फोन. "हल्लो सर, नीरु बंतु." पाणी आलं. बस, एवढंच. मला वाटतं तो तेव्हा घाबरला होता.

पुढं पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीनं आलमट्टीवर खापर फोडलं नाही, पण हे शिरोळात कुणाला सांगून बघ! आता धरण ५१९ मीटरवरनं ५२४ वर न्यायचं चाललंय म्हटल्यावर तर कुणी ऐकणारच नाही. त्रिपुरातल्या डुंबूर धरणाचं तू सांगितलंस तेही असंच. २०२४ ला बांगलादेशात फेनीकडं पूर आला आणि भारतानं मुद्दाम दरवाजे उघडले असं तिकडं सगळे बोलायला लागले. पाणी कुठनं येतंय हे वेळेत कळलं नाही की माणूस आधी शेजाऱ्यावरच संशय घेतो. मीही घेतलाय. हे बघ, मी तुलाच शिकवायला लागलो. चुकलं.

तुला न सांगितलेलं एक सांगतो. आईलाही माहीत नाही, तिला वाचून दाखवू नकोस. २००५ च्या पुरात रात्री दोनला पट्टी बघायला गेलो होतो. दर तासाला नोंद हवी होती. बॅटरी मारली तर आकड्यांवर गाळ बसलेला. पुसायला वाकलो आणि पाय गेला. करंजाची फांदी हातात आली म्हणून हे पत्र लिहितोय. एक चप्पल आणि बॅटरी गेली. घरी सांगितलं, चप्पल चिखलात रुतली. तू सहा वर्षांची होतीस, दुसऱ्या चपलेला फुलं घालून तिची पूजा केलीस, आठवतं? आणि रजिस्टरात दोन वाजताचा आकडा मी अंदाजानं लिहिला. तुमच्या कॉम्प्युटरात तो गेला असेल तर काढून टाका. नोंद कोरी ठेवायची तेव्हा लाज वाटली होती. तू ठेव कोरी. सेन्सर असतील, तिथली माणसं असतील, पाणी उतरल्यावर सकाळी बघ.

गंगेचं वाचून मात्र बरं वाटलं. भारत-बांगलादेशाच्या १९९६ च्या करारात जानेवारी ते मे दर दहा दिवसांचं वाटप आहे. फरक्का बराजला ७० हजार क्युसेक किंवा त्याच्या आत पाणी असलं तर निम्मं-निम्मं. आणि मोजायला दोन्हीकडची माणसं एकत्र. फरक्क्यालाही आणि तिकडं हार्डिंज पुलापाशीही. दोन देशांची माणसं एका पट्टीसमोर उभी आहेत, हे माझ्या डोळ्यांपुढनं हलंना. डिसेंबर २०२६ ला त्याची तीस वर्षं भरतात. पुढं काय होणार? तुझ्या ऑफिसात काही बोलत असतील तर कळव. पाकिस्तानबरोबरचा सिंधूचा १९६० चा करार तीन युद्धांत टिकला आणि २०२५ च्या एप्रिलात आपण थांबवला. का, ते मला कळतं, मी त्यावर भांडणार नाही. पण त्याच ऑगस्टात जम्मूकडं तावी नदीला पूर चढला तेव्हा इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयानं तिकडं कळवलंच. ती बातमी मी कापून डायरीत ठेवलीय, 'हल्लो सर'च्या पानात.

अक्काच्या गुडघ्याचं बेंदरानंतर ठरलंय. दादाला मी काही बोललेलो नाही, तूही विषय काढू नकोस. राधानगरीकडं कालपासून पाऊस धरलाय. यंदा पंचगंगेला पूर चढून मच्छिंद्री झाली की फोटो पाठवतो.

चौकात कुणी विचारलं की सांगतो, मुलगी नेपाळला पुराच्या खात्यात आहे. खातं नाही ते, ठाऊक आहे. पण लोकांना एवढंच कळतं आणि मलाही असं सांगायला आवडतं.

मेसेज मला कर. आईच्या फोनवर नको, ती अर्धाच वाचून दाखवते. कोशीला किती पाणी आहे ते रोज कळव आणि कुणी बघून सांगितलं तेही. फुटात लिही, मला मीटरचं पटकन कळत नाही.

तुझे
आप्पा