सर, वाफसा गेला!

निफाड,
२० नोव्हेंबर

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू हसलास, "मातीतल्या पोरांना मातीशिवायची शेती शिकवतोस होय रे?" तेव्हा मुख्याध्यापक समोर उभे होते, बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

खरं सांगायचं तर मलाही हे फॅडच वाटलं होतं. आठवीच्या वर्गातली निम्मी पोरं द्राक्षबागायतदारांची. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, कधी घ्यायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण एक दिवस विचारलं, झाडाचं वजन येतं कुठून? सगळा वर्ग म्हणाला, मातीतून. मग सतराव्या शतकातल्या हेलमाँट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने कुंडीत ९० किलो माती घेऊन सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड झालं ७६ किलोंचं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम! त्याने निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं बनतं. माझ्या पोरांनीही तोच काढला. हवेचं नाव कुणीच घेतलं नाही. गंमत बघ, 'गॅस' हा शब्द ज्याने रूढ केला तो हाच माणूस, आणि झाड हवेतूनही खातं हे त्यालाच दिसलं नाही. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.

मग ठरलं, करूनच बघू. शाळेमागे शेणखत घालून एक वाफा केला, आणि व्हरांड्यात द्राक्षाच्या दोन क्रेटमध्ये काळा प्लास्टिक कागद अंथरून पाणी भरलं. दोन्हीकडे पालक. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून हवेचा छोटा पंप आणला. खतं मात्र मी पहिल्याच दिवशी बिघडवली. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच बादलीत घट्ट कालवलं, तर तळाशी पांढरा गाळ. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ती दोन एकत्र टाकत नाहीत, ड्रिप चोकअप होतं." जिप्सम तयार होतं, हे रासायनिक कारण मी नंतर फळ्यावर लिहिलं, पण ते त्या पोराला बापाच्या ओरड्यातूनच पाठ झालं होतं.

पाण्यातला पालक वाफ्यातल्यापेक्षा आठवडाभर पुढे गेला. रोप उचललं की खाली पांढरीशुभ्र मुळं, म्हातारीच्या केसांसारखी. वाफ्यावर खुरपणी करणाऱ्या पोरी चिडल्या, आम्हालाच तण काढायचं काम का म्हणून. (बरोबरच होतं त्यांचं. गट बदलले.)

दसऱ्याला सुट्टी जोडून आली. शाळा बंद करताना मेन स्विच बंद झाला. शिपाईमामांना सांगून ठेवायचं मीच विसरलो होतो. ऑक्टोबरचं ऊन, तीन दिवस पंप बंद. उघडून बघतो तर क्रेट पाण्याने भरलेले आणि पालकाने मान टाकलेली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजकट वास. पोरं चक्रावली. पाण्यात उभं असलेलं झाड पाण्यावाचून सुकल्यासारखं कसं दिसतं?

एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी मुळं बोटात चोळून बघत होती. म्हणाली, "सर, वाफसा गेला."

अरे, पंधरा वर्षं शिकवतोय, पण मुळांना श्वास लागतो हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही. तिच्या घरचा कांदा पावसात पाणी साचून असाच पिवळा पडला होता. मी सगळ्यांना वाफ्यावर नेलं. मूठभर माती दाबायला लावली. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आहे, मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत. चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळीची, तिच्यात साधारण अर्धं पाणी, अर्धी हवा. गांडुळं आणि मुळं ती पोकळी राखतात, तीही बिनविजेची. क्रेटमध्ये हेच काम तो पंप करत होता, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमीच मावतो. श्वास कोंडला की मुळं कुजतात, मग पाण्यात उभं असूनही झाडाला ते पिता येत नाही. एक पोरगा वाफ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हा आपला पंप."

आता नवी रोपं लावली आहेत. या वेळी निम्मी मुळं पाण्याच्या वर, हवेत ठेवली आहेत, पंप नसला तरी तगतात का बघायला. तुझ्याकडचा जुना ईसी मीटर (पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारा) पडून असेल तर पाठव, इथे आम्ही चमच्याच्या मापावर चाललोय. आणि वाफ्यातला पालक परवा खिचडीत गेला. त्या मुलीने दोनदा वाढून घेतला.

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
विनायक