न दिसणाऱ्या घडांचाही पंचनामा करा

महोदय,

नुकसानीच्या पंचनाम्याला द्राक्षबागेत आलेले कर्मचारी म्हणतात, ‘गळालेले घड दाखवा.’ घड आलेच नाहीत, तर दाखवायचे काय? द्राक्षबागेत घड दिसतात ऑक्टोबर छाटणीनंतर, पण ते काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, तयार होतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. घड तयार व्हायला लख्ख ऊन लागते. मे महिन्यात आभाळ भरून राहिले, पाऊस लागून राहिला की पुढे नुसता पाला फुटतो. औषधे, मजुरी, बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. गारपिटीचे निदान फोटो तरी छापून येतात! निफाड, दिंडोरीतल्या अशा बागांचेही पंचनामे झालेच पाहिजेत. काडी तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही हे ऑक्टोबर छाटणीआधीच कळते. तो अहवाल पुरावा म्हणून धरावा.

– एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक