खिचडीवाल्या मावशींना, चौथीच्या बाईंकडून

मावशी,

पत्र बघून हसाल. रोज खिचडीची चव घ्यायला मी तुमच्या शेगडीपाशी उभी असते, मग हे पत्र कशाला? पण समोर काही बोलायला जावं तर तुम्ही "कायतरीच बाई" म्हणून पदर तोंडाला लावता. म्हणून लेखी, आणि चारचौघांत.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं, द्रव ज्या भांड्यात ओतू त्याचा आकार घेतो. मागून एक पोरगं उठलं, "बाई, मग तांदूळ पण द्रव?" बारा वर्षं हा धडा शिकवतेय, पण मला उत्तर सुचेना. तुम्ही दाराशी तांदूळ निवडत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "एकच दाणा वाटीत टाक की रं. झाला का त्यो वाटीवानी?"

मग बर्फाचा तांब्या. बाहेरून थेंब जमले तर अर्धा वर्ग म्हणे तांब्या गळतोय. मी हवेतल्या वाफेबद्दल घसा कोरडा करत होते. तुम्ही उठून चमचाभर हळद आत टाकलीत आणि पोरांना बाहेरचे थेंब पांढऱ्या फडक्यानं पुसायला लावलेत. फडकं पांढरंच राहिलं. संपला वाद.

पण खरी मजा टाकीची. वायूचं उदाहरण विचारलं की सगळे "गॅस!" ओरडतात, आणि मीही आजवर शाबास म्हणत आले. शनिवारी शेगडी बंद करून, रेग्युलेटर काढून तुम्ही टाकी जरा हलवलीत. आत डुचमळलं. पोरं गप्प. मग टाकीवरून ओलं फडकं फिरवलंत. वरचा पत्रा बघता बघता वाळला, खालची ओल तशीच, आणि मधे सरळ रेघ. त्या रेघेवर बोट ठेवून म्हणालात, "हितपतूर हाय अजून. आठ दिस पुरंल."

रेघेचं कारण मी मागाहून सांगितलं. आतला द्रव पत्र्याला लवकर तापू देत नाही, म्हणून तिथली ओल सावकाश वाळते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस भरतात तो दाबून द्रव केलेला असतो. त्यातला ब्यूटेन तर शून्याच्या जरा खालीच उकळतो. दाब काढला की आपल्या स्वयंपाकघरात तो द्रव म्हणून टिकायचाच नाही. एवढं सगळं पोरांनी न जांभई देता ऐकलं, कारण डुचमळणं त्यांच्या कानात होतं.

पुस्तकातली दगड, पाणी आणि फुग्याची चित्रं मला आता फारच गुळगुळीत वाटतात.

तर मावशी, मनापासून आभार. आणि त्या हळदीचा हिशेब साठा नोंदवहीत जुळेना म्हणून तुम्ही दोन दिवस घोर लावून घेतलात, ते मला कळलंय. हळदीची पुडी आणून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली आहे. परत करायला येऊ नका.

तुमची,
चौथीच्या वर्गाची बाई